रकाना चौथा: आजची पकड

१२ नोव्हेंबर

एकेचाळीस पानं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही. लग्न केलेल्या मैत्रिणींना दोन सह्यांत आख्खा संसार मिळाला, मला एकेचाळीस सह्यांत तीन महिन्यांचं काम. पण तक्रार नाही. एकवीस वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलं, म्हणजे दर जूनला लग्न आणि दर मार्चला काडीमोड. त्यापेक्षा हे बरं. आजपासून पुढच्या खोलीच्या दारावर पाटी लागली: 'नम्रता शेट्ये, माहिती-विश्लेषण'. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे पत्रिका बघणार का गं?"

काम असं. काजरवेळच्या खाडीच्या तोंडाशी एका कंपनीला जेटी बांधायची आहे, मालवाहू बार्ज आणायच्या आहेत. त्याआधी तिथे सध्या किती मासेमारी चालते ते मोजायला हवं. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीने ते अंगावर घेतलं आणि मोजण्याचा भाग माझ्या अंगावर टाकला. चौतीस होड्या, रोजची नोंद, शेवटी विश्लेषण आणि अहवाल.

करार मी संपूर्ण वाचला. कलम अकरा: गोळा केलेली माहिती बाहेरच्या कुणालाही दाखवायची नाही. कलम बारा: माहितीच्या विश्वासार्हतेला बाधा आणणारी कोणतीही बाब लक्षात आल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायची, न कळवल्यास करार रद्द, पुढे कधीही काम नाही. विनीत म्हणजे कन्सल्टन्सीतला माझा माणूस, वय तीस, आत्मविश्वास साठ. तो फोनवर हसला. "मॅडम, ते कलम सगळ्यांनाच असतं. कुणी वाचत नाही."

मी वाचलं, आणि मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. आकड्यांतली खोट माझ्या नजरेतून सुटायला अजून कुणी तशी खोट जन्माला घालायची आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

भागूबाई सकाळी आठला मासळीची टोपली घेऊन दारात. काजरवेळहून पहिल्या एसटीने येते, गेली नऊ वर्षं. सौंदाळे घेतले. मग म्हटलं, तुमच्या वाडीत रोज होड्यांवर जाऊन नोंदी करणारं कुणी मिळेल का? लिहिता-वाचता येणारं, मोबाईल चालवणारं.

"माझी सून हाय की. योगिनी. बारावी झालेय. घरात बसून मलाच शिकवते."

"तुमच्या मालकांना चालेल?"

"त्यांना कोण विचारतो?" म्हणाली आणि एक सौंदाळा वर टाकला.

२८ नोव्हेंबर

काजरवेळला जाऊन आले. आरे-वारेच्या पुढे रस्ता इतका वळतो की संख्याशास्त्रसुद्धा पोटातून वर येतं. योगिनी चुणचुणीत आहे, तिशीची, दोन मुलांची आई. तिला नियम समजावले: समोरचा सांगेल ते लिहायचं, आपलं डोकं त्यात घालायचं नाही. मोबाईलमधल्या फॉर्मला चार रकाने. तारीख, होडीचं नाव, तांडेलाचं म्हणजे होडीच्या प्रमुखाचं नाव, आजची पकड किलोत. होडी किनाऱ्याला लागताच तांडेलाला विचारायचं.

पहिली होडी तिच्या सासऱ्यांची. भागूबाईचे मालक, वाडीतले जुने तांडेल. नाव हरिश्चंद्र, तेव्हा शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता.

"मामा, आज किती?" मी विचारलं.

"काय नाय गावला."

"अगदी काहीच नाही?"

"आमटीपुरता."

योगिनीने शून्य लिहिलं. दुसऱ्या होडीला विचारलं, तिथेही काय नाय. तिसऱ्याने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा पगार विचारला. परत येताना योगिनी म्हणाली, "मॅडम, ते तसंच सांगतात." मी म्हटलं, तसंच लिही. ती म्हणाली, बरं.

किती ही गरिबी! मनाला लागलं.

१५ डिसेंबर, रविवार

माहिती सुरेख येत आहे. एक दिवस गाळलेला नाही, एक होडी गाळलेली नाही. इतकी स्वच्छ माहिती मी पुस्तकातल्या उदाहरणांतसुद्धा पाहिली नव्हती. सरासरी होडीमागे दिवसाला तीन किलो आठशे ग्रॅम. निम्म्या नोंदी शून्य.

ऋत्विक, माझा भाचा, मित्रांना घेऊन आला होता. भागूबाईला कालच निरोप दिला होता, ती बांगडे आणि एवढी मोठी तांबोशी घेऊन आली. पाच जण जेवून उरलं. ऋत्विक म्हणाला, "मावशी, कोकणात मासे संपले म्हणतात ना?" मी त्याला माझा आलेख दाखवला. पोरं प्रभावित झाली. कलम अकराची आठवण नंतर झाली, पण तांबोशी खाऊन झोपलेली पोरं म्हणजे काही 'बाहेरची व्यक्ती' नव्हे.

७ जानेवारी

मधला अहवाल पाठवला. त्यात एक वाक्य असं उतरलं की तीनदा मोठ्याने वाचलं: 'येथील मासेमारी उपजीविकेचे साधन म्हणून जवळजवळ संपुष्टात आलेली दिसते.' विनीतचा फोन आला. "मॅडम, हे वाक्य क्लायंटला फार आवडलंय."

आवडलंय? मला जरा वेगळं वाटलं होतं. एखादी वाडी संपत आली हे वाचून माणसाला वाईट वाटावं. पण क्लायंट म्हणजे माणूस नव्हे, हे करारातच पहिल्या पानावर लिहिलं आहे.

योगिनीने विचारलं, "मॅडम, टोपल्या पण लिहू का?" मी म्हटलं, फॉर्मात टोपल्यांचा रकाना नाही, आणि टोपली हे वजनाचं माप नाही. तिने परत विचारलं नाही.

२८ जानेवारी

अंतिम अहवाल गेला, मुदतीच्या तीन दिवस आधी. विनीतने आजच सुचवून ठेवलं, या खाडीपासून अंजनवेलपर्यंतच्या आठ खाड्यांचं असंच काम निघणार आहे आणि माझं नाव पुढे आहे. आठ खाड्या! पुढच्या खोलीला दुसरं टेबल लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कन्सल्टन्सीचा पूर्ण मसुदा ईमेलने आला. माझा भाग परिशिष्ट चार. मी आधी स्वतःचं नाव शोधलं, मग नकाशा पाहिला.

खाडीच्या तोंडातून एक जाड लाल रेषा जाते. बार्जचा मार्ग. खाली लिहिलं आहे: 'परिशिष्ट चारनुसार या भागातील मासेमारी नगण्य असल्याने मार्गात बदलाची आवश्यकता नाही.' शेजारी चौकटीत माझं ते वाक्य, ठळक अक्षरांत.

मी नकाशा बंद करत होते तेवढ्यात भागूबाई आली. टोपलीत बांगडे, कोळंबी, वर दोन तांबोशा. मी काही विचारायचं म्हणून विचारलं, ह्या कुठल्या?

"आमच्या होडीतल्या."

"होडी कुठे जाते?"

"कुठे म्हणजे? तोंडावर. पिढ्या झाल्या तितच जाते."

"भागूबाई, तुमचे मालक दोन महिने रोज सांगतात, काय नाय गावला."

ती हसायला लागली. टोपली खाली ठेवून हसली. "होडीत असताना कोण सांगतो काय? होडीत हाय तवर ती दर्याची. ती मोजायची नाय, बोलायची नाय. कोणी विचारला तर काय नाय बोलायचा. माझा सासरा पण तेच बोलायचा. मोठ्यानं आकडा बोलला की दुसऱ्या दिवशी जाळा रिकामा. टोपलीत पडली की मग ती आमची बायकांची. मग मोज किती मोजायची ती."

"आणि तुम्ही मोजता?"

"नाय मोजली तर विकू काय, माझा कपाळ?"

चौतीस होड्या, साठ दिवस, दोन हजार चाळीस नोंदी. आणि सगळ्या मी होडीतच विचारल्या.

तांबोशी घेतली नाही. भागूबाईला वाटलं, ताजी नाही म्हणून. रागावून गेली.

१० फेब्रुवारी

'लक्षात आल्यापासून सात दिवसांत.' काल लक्षात आलं. म्हणजे सोळा तारीख.

दिवसभर स्वतःला समजावलं. सर्वेक्षणात थोडी खोट असतेच. लोक उत्पन्न कमी सांगतात, वय कमी सांगतात, मतदान केलं म्हणून खोटं सांगतात. त्यासाठी कुणी अहवाल मागे घेत नाही. मग माझ्या डिसेंबरच्या नोंदी उघडल्या. हरिश्चंद्रांच्या होडीपुढे शून्य, शून्य, दोन किलो, शून्य. पंधरा डिसेंबरलाही शून्य. त्या दिवशी त्याच होडीतले मासे पाच जण जेवले आणि मी पानावर बसून आलेख दाखवत होते.

कोकमसरबत प्यायले, तेही आंबट लागलं.

१३ फेब्रुवारी

काजरवेळला गेले. योगिनी किनाऱ्यावर सुके मासे उलटत होती. बाजूला तिचा नवरा केतन जाळं शिवत बसला होता.

"तू मला स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. ते तसंच सांगतात म्हटलं. टोपल्या लिहू का म्हटलं."

"हे खोटं आहे, असं म्हणायचं होतंस."

तिने हातातले मासे खाली ठेवले. "आबा समोर बसलेत, बोलतात काय नाय. मी सून. त्यांच्या तोंडावर दहा किलो लिहू? आणि तुम्हीच पहिल्या दिवशी काय सांगितलंत मॅडम? समोरचा सांगेल ते लिहायचं. आपलं डोकं घालायचं नाही. नाय घातला."

केतन खाली मान घालून म्हणाला, "चोवीस मार्चला शाळेत जनसुनावणी हाय म्हणतात. बार्जची रेषा तोंडातनं जातेय असा पण बोलतात, खरंच काय?"

मी म्हटलं, अजून मसुदा आहे. कलम अकरा मला नेमकं तेव्हाच आठवलं.

"तितनं बार्ज गेली तर होडी घालायची कुठे? आत नुसता चिखल. चिखलात काय, खेकडे पण रुसून बसतात."

तो हसला, योगिनी हसली. मला हसता आलं नाही. त्यांना वाटलं, शहरातल्या बाईला विनोद कळला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सातवा दिवस. पत्र तयार आहे, सकाळपासून चार वेळा दुरुस्त केलं. पाठवायचं बटण आणि बोट यांच्यात आठ खाड्या आहेत.

भागूबाई आज दाराशी आलीच नाही. खालच्या मजल्यावर दिलेल्या कोळंबीचा वास जिन्यातून वर आला.

पत्र पाठवलं नाही. उद्या पाठवीन. उद्या पाठवलं तर आठवा दिवस, म्हणजे करारभंग. मग पाठवायचं कशाला? असा हा तर्क आहे. एकवीस वर्षं मुलांना तर्कदोष शिकवले, त्यातला एकही मी आज सोडला नाही.

२० फेब्रुवारी

विनीतला फोन केला, आडून आडून. समजा, मूळ प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला गेला असेल तर?

तो हुशार आहे, त्याला लगेच उमगलं. "मॅडम, 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून प्रकरण असतं ना, त्यात एक ओळ टाकू. 'नोंदी तांडेलांच्या तोंडी माहितीवर आधारित.' झालं."

"पण रेषा?"

"रेषा इंजिनियर काढतात."

"माझ्या आकड्यावरून काढतात."

"तुम्ही लेखी दिलं तर मला पुढे पाठवावंच लागेल. आणि तारीख विचारतील. लक्षात आलं कधी, ते तसं फक्त तुम्हालाच माहीत. कालची तारीख टाकली तरी चालेल. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

मला माहीत आहे की तो खरंच माझ्या भल्यासाठी सांगत होता. म्हणूनच जास्त भीती वाटली.

२४ फेब्रुवारी

पत्र पाठवलं. त्यात लिहिलं: सर्व दोन हजार चाळीस नोंदी तांडेलांना होडीत विचारून केल्या आहेत, होडीतल्या मासळीचा आकडा उच्चारायचा नाही अशी येथे रीत आहे, त्यामुळे परिशिष्ट चार विश्वासार्ह नाही आणि त्यातलं ते ठळक वाक्य मी मागे घेत आहे. पुन्हा मोजणी करायची असल्यास किनाऱ्यावर बायकांना, टोपलीप्रमाणे विचारावं. लक्षात आल्याचा दिनांक: ९ फेब्रुवारी.

तिथे एकोणीस टाकायला एकच आकडा वाढवावा लागला असता. एक टाकलाही. मग पुसला.

आता दर दहा मिनिटांनी ईमेल बघते. दोन जाहिराती आणि ऋत्विकचा एक विनोद आला.

२७ फेब्रुवारी

उत्तर आलं, तीन परिच्छेदांचं. पहिला: लेखी माहिती नोंदीत आली असल्याने ती दुर्लक्षित करता येत नाही, १ ते १५ मार्च पूरक मोजणी करावी, वजनकाट्यासह. दुसरा: कलम बाराचा भंग झाल्याने पूरक अहवालानंतर करार संपुष्टात येईल. तिसरा: धन्यवाद.

विनीतचा वेगळा फोन नाही. आठ खाड्या गेल्या. काकूंना पत्रिका बघून दाखवायला हरकत नाही आता.

२ मार्च, रविवार

मी स्वतः किनाऱ्यावर, काटा घेऊन. योगिनी वही घेऊन. भागूबाई पुढारी, तांबोशीचा राग विसरून. तिने पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना गोळा करून ठणकावलं, "बाई कागदावर आपला दर्या लिवतेय. कमी सांगाल तर तुमच्या घोवाची होडी चिखलात घालीन!"

बायकांना आकडे तोंडपाठ. कालचेच नव्हे, परवाचे, गेल्या आठवड्याचेही. मालन नावाच्या म्हाताऱ्या बाईने मला दिवाळीपासूनच्या टोपल्या बोटांवर सांगितल्या, आणि काट्यावर चढवलेल्या तिच्या टोपलीचं वजन तिने आधी बोललेल्यापेक्षा फक्त अर्धा किलो वेगळं निघालं. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवलं असतं.

पुरुष लांब उभे. हरिश्चंद्र होडीत पाठ करून बसलेले. काटा वाजला की त्यांचे खांदे हलत होते.

६ मार्च

काल आणि आज वारा उलटा. होड्या गेल्या आणि खरोखरच काही न मिळता आल्या. चौतीसपैकी एकोणतीस टोपल्या रिकाम्या. मी शून्य लिहिलं, खरं शून्य.

दुपारी एकाने माझ्याकडे न बघता समुद्राला सांगितलं, "मोजला ना? आता भोगा." भागूबाई त्याच्या अंगावर धावली, पण तिचा आवाज नेहमीइतका चढला नाही. घरी येऊन वाऱ्याचा अंदाज तीनदा पाहिला. संख्याशास्त्र शिकलेली बाई आता देवाला म्हणते आहे, शनिवारी बांगडा येऊ दे.

८ मार्च

आला. आज मी गेले नव्हते; योगिनीने फोन केला, नुसती ओरडत होती, मागे सगळ्या बायका. सगळ्या नोंदी लिहून संपवायला तिला दुपार झाली.

१७ मार्च

पूरक अहवाल पाठवला. पंधरा दिवस, दोन खऱ्या शून्यांसकट. होडीमागे दिवसाला सरासरी सव्वीस किलो. 'नगण्य' हा शब्द परिशिष्टातून जाईल, 'नियमित व महत्त्वाची' असा येईल. रेषेचं काय, ते कुणी सांगत नाही. विनीतने फक्त 'मिळाला' असं लिहिलं, आणि थोड्या वेळाने दुसरा निरोप: 'सुनावणीच्या आधी मसुद्याला जोडतोय. माझ्यावरही वरून ओरडा आहे. काळजी घ्या.'

मनातल्या मनात त्याला हुशार म्हटलं होतं. ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

२३ मार्च, रविवार

सकाळी बेल वाजली. भागूबाई असेल म्हणून ताट घेऊनच दार उघडलं. हरिश्चंद्र उभे. इस्त्रीचा शर्ट, पायांत चपला, हात रिकामे. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात.

आत आले, खुर्चीच्या कडेला बसले. चहा घेतला नाही. बराच वेळ माझ्या संगणकाकडे बघत होते, जसे ते वाऱ्याकडे बघतात.

"बाय, माझ्या होडीचा किती लिवलाव?"

कलम अकरा मला पाठ आहे. करार संपला तरी ते कलम संपत नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. मग लक्षात आलं की त्यांना वाचता येणार नाही, म्हणून हळू आवाजात सांगितलं. "पंधरा दिवसांत चारशे बारा किलो."

ते दचकले. दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

"एवढा?"

"एवढा. त्यात दोन दिवस काहीच नाही."

ओठ हलवत त्यांनी काहीतरी मोजलं, सोडून दिलं. साठीच्या पुढचा माणूस, दहा वर्षांचा असल्यापासून त्या तोंडावर जातो, आणि आज पहिल्यांदा त्याने आपला आकडा ऐकला.

"उद्या शाळेत हे मोठ्यानं वाचतील?"

"वाचतील. भागूबाईंना बोलायला उभं करणार आहेत."

"ती बोलेल. तिला भीती नाय." मग पडद्याकडे पाहिलं. "रेषा हलेल?"

"मला माहीत नाही मामा. आधी हलायला कारण नव्हतं. आता आहे. एवढंच."

ते मान हलवत राहिले. मग जे बोलले ते तसंच्या तसं लिहून ठेवते, कारण उद्या काय होईल ते मला सांगता येत नाही.

"बाय, आमचा बरा होता. गेला तर गेला बोलायचो. दर्यानं दिला, दर्यानं नेला. आता उद्या ती रेषा नाय हलली," आणि त्यांनी बोट पडद्याला न लावता त्याच्या दिशेने नुसतं धरलं, "तर आमचा किती गेला ते कळेल."

इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांना मोजायचं कसं ते सांगितलं. मोजल्यावर माणसाला काय होतं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

ते उठले. जाताना म्हणाले, "उद्या दहाला हाय ना? मी पुढंच बसतो. ती बोलताना अडखळली तर आकडा मी सांगीन."